टाळेबंदीत औषध पोहोचले, चाचणी राहिली
(वार्षिक संमेलनातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





संमेलनाला डॉक्टर बोलावला की तो मधुमेहावर बोलणार, रक्तदाबावर बोलणार, फार तर परीक्षेच्या दिवसांत मुलांनी काय खावे ते सांगणार, अशी आपली समजूत असते. मी माझा विषय कळवला तेव्हा चिटणीससाहेब फोनवर जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, समोर मुली असतील." मी म्हटले, "असायलाच हव्यात." ते मोठ्या मनाचे गृहस्थ आहेत. पुढे त्यांनी एक शब्द काढला नाही, म्हणून आज मी येथे उभा आहे.

विषय एच.आय.व्ही.च्या चाचणीचा आहे. कोरोनाच्या काळात जगभर हे काम अडखळले, काही ठिकाणी ते नव्या वाटेने वाढलेही. त्यातून आमच्यासारख्या खेड्यातल्या डॉक्टरांना जे दिसले, ते सांगण्यासाठी मी आलो आहे.

थोडे मागे जातो. भारतात हा विषाणू पहिल्यांदा आढळला तो १९८६ साली, मद्रासमध्ये. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेलप्पन निर्मला यांनी तो शोधून काढला. त्यानंतर पुष्कळ वर्षे या रोगाला औषध होते, पण ते आपल्यासाठी नव्हते. वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर. तो दर मोडला मुंबईच्या माणसाने. डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली सिप्ला ही कंपनी काढली. त्यांचे चिरंजीव डॉ. युसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये सेवाभावी संस्थांना तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा ३५० डॉलरला देऊ केला. आफ्रिकेतील किती घरे त्या एका निर्णयाने उभी राहिली असतील, याचा हिशेब कोणी करू शकणार नाही. आपल्या विद्यार्थ्यांना क्रिकेटपटूंची नावे पाठ असतात, हे नावही असावे. पुढे १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने हे औषध मोफत देण्यास सुरुवात केली आणि पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. २०१७ पासून तर चाचणीत दोष निघाला की रोग वाढण्याची वाट न पाहता लगेच औषध सुरू करतात.

म्हणजे औषध आहे, ते फुकट आहे, आणि रोज घेतले तर माणूस इतरांइतका जगतो. अडचण एकच. ज्याला आपल्याला लागण झाली आहे हे माहीतच नाही, त्याला औषध कोण देणार? २०२१ च्या सरकारी अंदाजाप्रमाणे भारतात सुमारे २४ लाख लोक या विषाणूसह जगत होते, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्राची होती, चार लाखांच्या जवळपास. त्यांतील सर्वांनाच ते ठाऊक होते असे नाही.

आता २०२० कडे येऊ. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला जागतिक साथ म्हटले आणि २४ मार्चच्या रात्री देशात टाळेबंदी जाहीर झाली. मी तेव्हा कोकणातील एका ग्रामीण रुग्णालयात होतो. एस.टी. बंद, रेल्वे बंद. मुंबईचे चाकरमानी चालत, ट्रकमध्ये बसून गावाकडे निघालेले. आमच्या परिसरातील एच.आय.व्ही.चे रुग्ण महिन्याच्या महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन औषधाची बाटली आणत. हे औषध विषाणूला मारत नाही, दाबून ठेवते. गोळ्या चुकल्या की विषाणू डोके वर काढतो, आणि पुष्कळ दिवस चुकल्या तर त्या औषधाला जुमानेनासा होतो. त्यामुळे एप्रिलचा महिना कसा जाणार याची आम्हाला धास्ती होती.

पण येथे यंत्रणेने चांगले काम केले, हे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, जिला आपण नॅको म्हणतो, तीन महिन्यांपर्यंतची औषधे एकदम द्यावीत आणि शक्य तेथे रुग्णाच्या जवळ पोहोचवावीत असे सांगितले. वर्षानुवर्षे जे 'नियमात बसत नाही' होते ते आठवड्यात नियमात बसले! मुंबईत नाव नोंदवलेला माणूस गावी अडकला तर त्याला जवळच्या केंद्रातून औषध मिळू लागले. समुपदेशक मोटारसायकलवरून निघाले. आमच्याकडचा एक आरोग्य सेवक पाकिटावर नाव न लिहिता फक्त खूण करी, आणि घरी गेल्यावर "रक्तदाबाच्या गोळ्या" असे मोठ्याने सांगे, म्हणजे शेजारच्यांना ऐकू जावे. त्याच्या या खोटेपणाचा हिशेब वर कसा मांडला जाईल ते मला माहीत नाही, पण मी त्याला त्याबद्दल कधी टोकले नाही.

मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत काय झाले ते तुम्ही पाहिलेच आहे. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांची कौले उडाली, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हाही औषध पोहोचले. पडलेल्या झाडांपाशी मोटारसायकल उभी करून, पिशवी खांद्यावर टाकून आमचा माणूस चालत गेला.

औषध पोहोचले. चाचणी मात्र राहिली.

याचे कारण साधे आहे. औषध बंद पडले तर तक्रार करणारा रुग्ण असतो. चाचणी बंद पडली तर तक्रार कोण करणार? ज्याचे नुकसान होते त्याला त्याची खबरच नसते. आमच्या रुग्णालयातील प्रयोगशाळा तंत्रज्ञ घशाचे नमुने घेण्याच्या कामावर गेले. क्षयाच्या तपासणीची यंत्रे कोरोनाला लागली. आपल्या गोव्याच्या कंपनीने बनवलेले ट्रूनॅट यंत्रही त्यांत आले. ते लावणे आवश्यकच होते, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण एच.आय.व्ही.च्या चाचणीच्या खोलीला कुलूप लागले, आणि ते लागले आहे हे कित्येक दिवस माझ्याही लक्षात आले नाही. हा दोष माझा.

हे आमच्यापुरतेच नव्हते. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात ६५ दवाखान्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. टाळेबंदी लागताच, एप्रिल २०२० मध्ये, तेथील चाचण्या जवळजवळ निम्म्यावर आल्या; मात्र जुन्या रुग्णांचे औषध फारसे चुकले नाही. म्हणजे आमचेच चित्र, फक्त मोठे. ग्लोबल फंड या संस्थेने आपल्या मदतीच्या देशांचा हिशेब २०२१ साली मांडला. २०१९ च्या मानाने २०२० मध्ये एच.आय.व्ही. चाचण्या २२ टक्क्यांनी घटल्या, आणि प्रतिबंधाच्या सेवा ज्यांच्यापर्यंत पोहोचल्या अशांची संख्या ११ टक्क्यांनी घटली. हे नुसते आकडे समजू नका. त्यांत गरोदर बायका आहेत. आईला लागण असेल आणि उपचार नसतील तर शंभरांतील १५ ते ४५ बाळांना ती होऊ शकते. आईला वेळेवर औषध मिळाले तर हे प्रमाण ५ च्या खाली येते. या दोन आकड्यांच्या मध्ये काय उभे असते? गरोदरपणातील रक्ताची एक चाचणी.

आता उलट बाजू सांगतो, कारण काही ठिकाणी त्याच साथीत चाचणी वाढली. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी एक साधा विचार केला. एच.आय.व्ही.ची लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप येतो, घसा दुखतो, अंग मोडून येते. कोरोनातही तेच. तेव्हा कोरोनाच्या शंकेने तातडीच्या विभागात आलेल्या माणसाचे रक्त घेतानाच त्याला विचारून एच.आय.व्ही.चीही चाचणी करावी. त्यांना अगदी ताजी लागण झालेले लोक सापडले. एरवी हे लोक फ्लू समजून घरी गेले असते. दुसरीकडे घरपोच चाचणीला जोर आला. स्वतःची चाचणी स्वतः करण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच मान्य केली होती. टाळेबंदीत अमेरिकेतील अनेक आरोग्य खात्यांनी अशा पेट्या टपालाने पाठवल्या. माणसाने घरी बसून हिरडीवरून कापूस फिरवायचा किंवा बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचे. त्यात दोष दिसला तर तो शेवटचा निकाल नव्हे, केंद्रात जाऊन खात्री करावी लागते. पण पहिले पाऊल दाराआड पडते.

हे वाचून मला वाटले, आमच्याकडे दाराबाहेरच्या कुलपापेक्षा दाराआडचे कुलूप मोठे आहे. ते कसे, ते एका मुलाच्या हकिकतीवरून सांगतो. त्याची परवानगी घेतली आहे, आणि गाव-वय सर्व बदलले आहे, तेव्हा ओळखण्याचा खटाटोप करू नका.

आपल्या कोकणपट्टीत चाचणी म्हटली की आठवते ती आखाताची 'मेडिकल'. व्हिसासाठी रक्त द्यायचे, एक्स-रे काढायचा आणि एजंटच्या फोनची वाट पाहायची. 'फिट' आले तर पेढे, 'अनफिट' आले तर तोंड लपवायचे. का अनफिट, हे पुष्कळदा कोणी समजावून सांगत नाही. एखाद्याच्या छातीत जुन्या क्षयाचा डाग असतो, एखाद्याला कावीळ 'ब' असते, एखाद्याला एच.आय.व्ही. घरात सर्वांचे उत्तर एकच, "व्हिसा अडकला." हा मुलगा २०१९ मध्ये असाच परत आला. एजंटने त्याला बाजूला घेऊन दोन वाक्ये सांगितली आणि एक कागद हातात दिला. ना समुपदेशन, ना पत्ता, ना औषधाचा शब्द. तो कागद त्याने पाकिटात ठेवला. घरी म्हणाला, व्हिसा अडकला. घरच्यांनी विचार केला, पोरगा रिकामा आहे, लग्न तरी उरकू. निकाहची तारीख ठरली एप्रिल २०२० ची.

टाळेबंदीने ती तारीख पुढे गेली. मे महिन्यात तो आमच्या ताप तपासणीच्या मांडवात आला. घशाचा नमुना घेतला, कोरोना नव्हता. पण वजन उतरलेले, जिभेवर पांढरा थर. मी विचारले, "बाळा, रक्ताची आणखी एक तपासणी करू का?" तो माझ्याकडे पाहत राहिला, मग पाकीट काढून तो कागद त्याने टेबलावर ठेवला. घड्यांवर फाटलेला होता. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, अजून किती दिवस आहेत माझे?" वर्षभर हा मुलगा मरणाचे दिवस मोजत होता, आणि त्याचे औषध जिल्ह्याच्या ठिकाणी कपाटात पडून होते, फुकट!

त्या दिवशी चाचणीच्या खोलीचे कुलूप मी उघडायला लावले. ते कायमचे उघडले.

निकाहचे काय झाले, हे तुम्ही मनात विचारत असाल. मी त्याला सांगितले की ही गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगण्याचा अधिकार मला नाही, पण त्या मुलीला अंधारात ठेवून लग्न करण्याचा अधिकार तुलाही नाही. तो महिनाभर झोपला नाही. अखेर मुलीच्या वडिलांना एकटा जाऊन भेटला. त्यांनी लग्न मोडले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण त्या गृहस्थांनी मोडण्याचे कारण आपल्या सख्ख्या भावालाही सांगितले नाही. "मुलीला पुढे शिकवायचे ठरवले," एवढेच बाहेर आले, आणि त्यांनी तिला खरोखरच शिकवले. गावात शब्द फुटला नाही. मला त्या घराबद्दल फार आदर आहे. मुलगा आज काम करतो, गोळ्या चुकवत नाही, आणि त्याच्या रक्तात विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आहे. वैद्यकशास्त्र आता निःशंकपणे सांगते की औषध चालू राहून ही स्थिती टिकली तर त्या माणसाकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. त्याचे लग्न होईल, मुले होतील. सारे सांगून होईल.

थोडे त्या वर्षाच्या दुसऱ्या अनुभवाविषयी. मार्च-एप्रिल २०२० मध्ये एका रोगाचा ठपका एका समाजावर कसा बसतो, हे आपण सोसले. भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवले गेले. पुढे ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आले अशा अर्थाचे म्हटले, तेव्हा आपल्याला बरे वाटले. मग मला सांगा, त्याच आपल्या मोहल्ल्यात एखादी विधवा एच.आय.व्ही.ची आहे असे कळताच तिच्या हातचे पाणी बंद का होते? एकत्र जेवून, हस्तांदोलनाने, कपड्यांनी, डासांनी हा रोग पसरत नाही, हे शाळेच्या पुस्तकात असते. तो पसरतो तो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून आणि सुईतून, व आईकडून बाळाला. यांपैकी सुईबद्दल पालकांना मुद्दाम सांगतो. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात रतोदेरो येथे २०१९ मध्ये शेकडो लोकांना लागण सापडली आणि त्यांत बहुतेक लहान मुले होती. असुरक्षित इंजेक्शने हे त्यामागचे मोठे कारण निघाले. मुलाला साधा ताप आला की "डॉक्टर, सुई लावा" असा हट्ट धरू नका, आणि लावलीच तर ती तुमच्या डोळ्यांदेखत नव्या पाकिटातून निघाली पाहिजे.

हा विषय मशिदीच्या आवारात कसा निघेल, असे काही बुजुर्ग म्हणतात. युगांडामध्ये तो निघाला आहे. तेथील इस्लामिक मेडिकल असोसिएशनने १९८९ पासून हे काम हाती घेतले, आणि १९९२ पासून इमामांना व त्यांच्याबरोबरच्या स्वयंसेवकांना शिकवून घरोघर पाठवले. निरोधचा विषय आला तेव्हा तेथेही वाद झाले, चर्चा झाल्या, आणि मार्ग निघाला. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेने १९९८ साली त्या कामाची नोंद आदर्श म्हणून केली. आपल्या जमातीचे सदर तर दर शुक्रवारी शंभर गोष्टींची घोषणा करतात. सरकारी दवाखान्यात मोफत चाचणी आहे, एवढी एक त्यांत भरली तर काय बिघडेल?

आता चाचणी कशी होते ते. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात समुपदेशन व चाचणी केंद्र असते. तेथे आधी बोलतात, तुमची संमती घेतात, मग थोडे रक्त. दोष दिसला तर वेगवेगळ्या प्रकारच्या तीन चाचण्यांनी खात्री केल्याशिवाय निकाल देत नाहीत. निकाल फक्त तुम्हाला कळतो. २०१७ चा एच.आय.व्ही. आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याने संमतीविना चाचणी करण्यास, निकाल फोडण्यास, आणि या कारणावरून शाळा, नोकरी, उपचार किंवा भाड्याचे घर नाकारण्यास बंदी केली आहे. नव्या लागणीत चाचणीला दोष दिसायला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात. म्हणून निकाहच्या आदल्या आठवड्यात काढलेला एक कागद म्हणजे जन्माची हमी नव्हे. दोघांनी आपखुशीने, वेळेत, आणि दोघांनीही करावी. फक्त मुलीची करायची ही रीत मला पसंत नाही. धोका घडून गेला असे वाटल्यास ७२ तासांच्या आत दवाखाना गाठावा. २८ दिवसांच्या गोळ्यांनी लागण टाळता येते, जितके लवकर तितके चांगले.

संस्थेला माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी आरोग्य शिबिर घ्याल तेव्हा साखर, हिमोग्लोबिन यांच्या रांगेतच ही चाचणी ठेवा. वेगळा तंबू नको, वेगळा फलक नको. बोलायला आडोसा मात्र हवा आणि रुग्णालयाचा प्रशिक्षित समुपदेशक हवा. ज्याला नको असेल त्याने नाही म्हणावे. आणि ज्या घरातील मुलगा आखाताच्या मेडिकलमध्ये अनफिट होऊन आला आहे, त्याच्या पालकांनी त्याला रागे न भरता सरकारी दवाखान्यात पुन्हा तपासणीला न्यावे. कारण काहीही निघो, त्याच्यावर उपचार आहे.

१०९७ हा मोफत फोन आहे, नाव सांगावे लागत नाही. मी दुपारच्या जेवणानंतर संस्थेच्या वाचनालयात बसणार आहे, आणि मुलींना व मातांना विचारायचे असेल तर शेजारच्या वर्गात आमच्या रुग्णालयाच्या समुपदेशक बाई आहेत. दार लोटून घेतले तरी चालेल, आतून कडी नाही.